उत्पादक कंपनीचे प्रयोजन व तिची छाप

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने भोसरी व मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला, की दोन्ही अंगांस कारखान्यांच्या भिंती लागतात. त्या भिंतींच्या आडून मधूनमधून कांद्याचे किंवा कोथिंबिरीचे एखादे वावरही दिसते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी हा सर्व मुलूख शेतीचा होता. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली व १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. 'कंपनी' हा शब्द येथील शेतकऱ्यांस त्यामुळे मुळीच नवा नाही. कोणाची जमीन कंपनीत गेली आहे, कोणाचा मुलगा कंपनीत आहे, तर कोणाची भाजी कंपनीच्या खाणावळीत जाते.

आता मात्र शेतकरी स्वतःच कंपन्या स्थापू लागले आहेत. कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन 'उत्पादक कंपनी' हा प्रकार निर्माण झाला. दहा किंवा अधिक उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात. सर्व सभासद व्यक्ती असतील तर कोणाजवळ भाग कितीही असोत, मत प्रत्येकास एकच मिळते. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली आणि व्यवस्थापनाच्या खर्चासाठी प्रत्येक संघटनेस तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. मावळ, खेड व मुळशी ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या दृष्टीने तर ही संधी विशेष मोलाची आहे; कारण लक्षावधी कुटुंबांचे शहर त्यांच्या बांधाशी येऊन ठेपले आहे.

तथापि अशा कंपन्यांशी संबंध येणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एक गोष्ट वारंवार आढळते. कंपनीची नोंदणी झाल्याबरोबर नाव, बोधचिन्ह व पिशवीचे रंग ह्यांची चर्चा सुरू होते. चिन्हात बैलजोडी असावी की भाताची लोंबी, ह्यावर दोन-दोन बैठका खर्ची पडतात. पण कंपनी कोणासाठी व कशासाठी काढली, असे संचालकांस वेगवेगळे विचारले तर पाच जणांकडून पाच उत्तरे मिळतात. एकास गोदाम हवे असते, दुसऱ्यास खताचे दुकान, तिसऱ्यास अनुदान. अनुदानाची तीन वर्षे सरली, की अशा कंपनीच्या कार्यालयास कुलूप लागण्यास वेळ लागत नाही.

प्रयोजन कशास म्हणावे

कंपनी काय करते, हे तिचे काम होय. भात विकत घेते, कांदा साठविते, दूध थंड करते. हे काम ज्या कारणासाठी केले जाते, म्हणजे कोणाची कोणती अडचण त्या कामामुळे दूर व्हावयाची आहे, ते कंपनीचे प्रयोजन. काम बदलू शकते. कांदा साठविणारी कंपनी उद्या कांदा वाळवून विकू लागेल, परंतु प्रयोजन सहसा बदलत नाही. ते बदलले, तर जुन्या नावाखाली निराळीच कंपनी सुरू झाली असे समजावे.

पुष्कळांची अशी समजूत असते, की नफा मिळविणे हेच कंपनीचे प्रयोजन. नफा पाहिजे, ह्यात शंका नाही. चूल पेटण्यास लाकूड लागतेच; परंतु कोणतेही घर लाकूड जाळण्यासाठी म्हणून चूल पेटवीत नाही. नफ्याशिवाय कंपनी चालत नाही, आणि केवळ नफा एवढेच डोळ्यांपुढे असेल तर तो कोणत्या मार्गाने मिळवावा व कोणता मार्ग वर्ज्य समजावा, हे ठरविण्यास संचालकांजवळ काहीच साधन उरत नाही. प्रयोजनाचा खरा उपयोग ह्या ठिकाणी होतो. नेहमीच्या सरळ व्यवहारात त्याची आठवणही कोणास होत नाही. पेच पडला, दोन वाटा समोर आल्या व दोन्ही वाटांनी काही तरी गमवावे लागणार असे दिसू लागले, म्हणजे ते लागते.

पिंपरीच्या पेनिसिलिनची हकीकत

ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला आसपासचे लोक आजही 'एच. ए. कंपनी' म्हणतात. तिच्या वसाहतीवरून व शाळेवरून तिचे नाव सर्वांस परिचित आहे. ती कोणत्या गरजेतून निघाली, हे मात्र नव्या पिढीतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी इंग्लंडमध्ये लावला. पण बुरशीपासून हे औषध पुरेशा प्रमाणात काढण्याची युक्ती पुढे बरीच वर्षे सापडली नाही. ती सापडण्यात शेतीचा मोठा वाटा आहे. १९४१ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ही बुरशी घेऊन अमेरिकेतील पिओरिया ह्या गावी गेले. तेथे त्या देशाच्या कृषि खात्याची प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना जे दाट पाणी उरते त्यात बुरशी वाढविली असता औषधाचे उत्पादन अनेक पटींनी वाढते, असे तेथे दिसून आले. पुढे त्याच गावच्या बाजारातील एका नासक्या खरबुजावर जी बुरशी मिळाली, ती मूळच्या बुरशीपेक्षा अधिक औषध देणारी निघाली. महायुद्धात ह्या औषधाने असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतात पेनिसिलिन बाहेरून येत असे. न्यूमोनियाने तळमळणारे मूल किंवा बाळंतरोगाने आजारी पडलेली स्त्री वाचविण्याचे साधन जगात होते. खेड्यातील कुटुंबाच्या आटोक्यात ते नव्हते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे एके काळचे संचालक सर साहिबसिंग सोखी ह्यांच्यासारख्या जाणत्यांचा आग्रह होता, की हे औषध देशातच तयार झाले पाहिजे व त्याची विद्या कोणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद राहू नये. १९५१ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी ह्यांच्याशी करार केला. बालनिधीने यंत्रसामग्री दिली. आरोग्य संघटनेने तज्ज्ञ पाठविले. १९५४ साली कंपनी स्थापन झाली व १९५५ साली पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कंपनीचे प्रयोजन कारखान्याच्या पायाभरणीपूर्वीच ठरलेले होते. ज्या औषधावाचून गरिबाचा जीव जातो ते औषध त्याला परवडेल अशा किमतीत देशात तयार करणे, एवढ्या एका वाक्यात ते मावत होते. यंत्रे कोठून घ्यावी, विद्या कोणाकडून शिकावी, औषधाची किंमत काय ठेवावी, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या वाक्यातून निघत. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील औषध तयार होऊ लागले, तेही त्याच वाक्याला धरून होते. तेथील संशोधकांनी बुरशीजन्य रोगांवरील एक नवे प्रतिजैविक शोधून काढले. त्याला कंपनीच्या नावातील आद्याक्षरांवरून 'हॅमायसिन' असे नाव देण्यात आले. भारतात शोध लागलेल्या प्रतिजैविकांत ते अगदी पहिल्यांपैकी होय. पिकांवरील बुरशीसाठी 'ऑरिओफंजिन' हे औषधही त्याच संशोधनातून पुढे आले.

ह्या औषधांच्या वेष्टणावर फारशी सजावट नसे. तरीही सरकारी दवाखान्यातील डॉक्टर ती बाटली निःशंक हाताने उघडीत. छापेचे मोल असे अनेक वर्षांच्या वागणुकीतून साठत जाते. चित्रकाराकडून ते विकत आणता येत नाही.

उसने नाव व स्वतःचे नाव

आजच्या व्यापारी भाषेत ज्याला 'ब्रँड' म्हणतात त्यास आपल्याकडे पूर्वीपासून 'छाप' हा शब्द आहे. मालावर उमटविलेली खूण हा त्याचा मूळ अर्थ. परंतु खूण पाहताच घेणाऱ्याच्या मनात जी अपेक्षा उत्पन्न होते, ती खरी छाप. चाकणच्या बाजारात एखाद्या शेतकऱ्याचा कांदा आडत्या पोते न उपसता घेतो, कारण वरचा व तळाचा माल सारखा असतो असा त्याचा अनेक वर्षांचा अनुभव असतो. त्या शेतकऱ्याने कोणतेही चिन्ह छापलेले नसते, तरी त्याची छाप तयार झालेली असते.

आकुर्डीच्या बजाज ऑटोचा इतिहास ह्या बाबतीत उद्बोधक आहे. ही कंपनी आरंभी इटलीतील पियाज्जो कंपनीशी करार करून व्हेस्पा स्कूटर बनवीत असे. १९७१ साली करार संपला व व्हेस्पा हे नाव मूळ मालकाकडे राहिले. कामगार तेच होते, कारखाना तोच होता. नाव मात्र नवे शोधावे लागले. त्यानंतर राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावावरून 'चेतक' स्कूटर आली, आणि तिच्या नोंदणीसाठी लोक वर्षानुवर्षे थांबू लागले. पुढे लोकांची आवड मोटारसायकलीकडे वळली व ती स्कूटर बंद झाली. तरीही २०१९ साली विजेवर चालणारी स्कूटर आणताना कंपनीने तेच नाव पुन्हा काढले. स्वतःचे नाव असे वापरात नसतानाही कामास येते.

शेतकऱ्यांच्या कंपन्यांनी ह्यातून एवढे घ्यावे, की शहरातील मोठ्या दुकानदाराच्या पिशवीत त्याच्या नावाने माल भरून देण्यात तात्पुरती सोय असली तरी त्यामुळे वाढते ते दुकानदाराचे नाव. असा व्यवहार करूच नये असे नाही. पहिली एक-दोन वर्षे गिरणीचे हप्ते फेडण्यास तो उपयोगी पडतो. पण सर्वच माल दुसऱ्याच्या नावाने जाऊ लागला, तर करार संपेल त्या दिवशी कंपनीजवळ रिकाम्या गोदामापलीकडे काही राहणार नाही.

पुडीचा प्रश्न

पिंपरीच्या कारखान्याच्या हकीकतीचा एक भाग शेतकऱ्यांशी अगदी निकटचा आहे. 'स्ट्रेप्टोसायक्लिन' हे नाव महाराष्ट्रातील डाळिंब, लिंबू व भात पिकविणाऱ्यांस नव्याने सांगावयास नको. डाळिंबावरील तेल्या, लिंबावरील खैऱ्या व भातावरील कडा करपा ह्या अणुजीवजन्य रोगांवर ह्या पुडीची फवारणी वर्षानुवर्षे होत आली. ही पुडीही हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचीच. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिनचे नऊ भाग व टेट्रासायक्लिनचा एक भाग असे. दोन्ही औषधे माणसांच्या रोगांवर वापरली जाणारी आहेत, आणि स्ट्रेप्टोमायसिन तर क्षयावरील औषधांपैकी एक आहे.

प्रतिजैविक जितके अधिक व जितके सरसकट वापरावे, तितके रोगजंतू त्यास सरावतात, हे आता सर्वमान्य झाले आहे. जंतू एकदा सरावले की पिकावर औषध चालत नाही, आणि तशा जंतूंकडून हा गुण माणसास रोग करणाऱ्या जंतूंकडे जाण्याचे भयही असते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषि मंत्रालयाने राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध करून ह्या दोन औषधांचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने कमी करावा व १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण थांबवावा असे धोरण पुढे ठेवले. म्हणून जुन्या सवयीने दुकानात हे नाव मागणाऱ्या शेतकऱ्यास कार्यकर्त्यांनी थांबवावे, व रोगट फांद्यांची छाटणी, बागेची स्वच्छता आणि कृषि विद्यापीठाच्या चालू शिफारशी समजावून द्याव्यात.

प्रयोजनाच्या दृष्टीने ह्या प्रकरणाकडे पाहिले म्हणजे एक निराळीच गोष्ट उघड होते. गरिबाचा जीव वाचविणारे औषध स्वस्त करणे, हे प्रयोजन. त्या प्रयोजनातून निघालेला एक माल काही काळाने त्याच औषधाची धार बोथट करू लागला. अशा वेळी माल सोडावा लागतो. चांगली खपणारी वस्तू सोडणे कोणत्याही कंपनीस जड जाते. आणि प्रयोजन मुळी लिहिलेलेच नसेल, तर ती का सोडावी हे कोणी कोणास पटवू शकत नाही.

प्रयोजन चांगले असले म्हणजे कंपनीचे कधी वाईट होत नाही, असा भाबडा समज मात्र करून घेऊ नये. १९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल झाली आणि परदेशांतील, विशेषतः चीनमधील, स्वस्त पेनिसिलिन येऊ लागले. औषधांच्या विक्रीच्या किमतींवर सरकारी नियंत्रण होते, खर्च मात्र वाढत होता. १९९७ साली पिंपरीची ही कंपनी आजारी उद्योग म्हणून गणली गेली. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकून देणी फेडण्याचा निर्णय घेतला. जे औषध स्वस्त करण्यासाठी कारखाना निघाला ते बाहेरूनच त्याहून स्वस्त येऊ लागले, तेव्हा आता आपले प्रयोजन काय, हा प्रश्न तेथे पुन्हा नव्याने विचारला जावयास हवा होता. तो वेळेवर व नेटाने विचारला गेला की नाही, ह्याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु परदेशांवर अवलंबून राहण्याचा धोका २०२० च्या कोरोनाच्या साथीत पुन्हा दिसून आला, आणि पेनिसिलिनसारखी मूळ औषधे देशातच व्हावीत म्हणून सरकारला नव्याने योजना आखाव्या लागल्या.

मावळच्या तांदळाचे उदाहरण

आता हा विचार शेतकऱ्यांच्या कंपनीस लावून पाहू. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातून 'इंद्रायणी' हा वाण १९८७ साली बाहेर पडला. आंबेमोहर १५७ व आय.आर. ८ ह्यांच्या संकरातून तो निर्माण झाला. त्याचा सुवास व मऊ, किंचित चिकट भात ह्यांमुळे पिंपरी-चिंचवड व पुणे येथील घराघरांत त्यास मागणी आहे. पण 'इंद्रायणी' हे वाणाचे नाव आहे. ते कोणा एकाच्या मालकीचे नाही. दुकानात त्या नावाने मिळणारा प्रत्येक दाणा त्याच वाणाचा असतो, असे खात्रीने म्हणता येत नाही. आंबेमोहराची अवस्था तर सर्वांस ठाऊक आहे. परप्रांतांतील दिसावयास सारखा तांदूळ त्या नावाने सर्रास खपतो. मुळशीच्या आंबेमोहरास भौगोलिक संकेताची नोंदणी मिळाली असली, तरी ती नोंदणी दुकानातील पोते उघडून पाहत नाही.

असे समजू, की मावळातील दीडशे शेतकऱ्यांनी इंद्रायणी तांदळाची एक कंपनी काढली. प्रयोजन ठरविण्याच्या बैठकीत पहिल्याने बहुधा 'शेतकऱ्यांचा सर्वांगीण विकास' अशा तऱ्हेचे वाक्य पुढे येईल. ते ऐकावयास बरे वाटते, पण त्याचा उपयोग शून्य. कारण कोणत्याही प्रश्नावर ते काहीच उत्तर देत नाही. कार्यकर्त्याने तेथे विचारावे, की उद्या ह्या कंपनीला कुलूप लागले तर कोणाचे काय अडेल? सभासद म्हणतील, 'काढणीच्या वेळी व्यापारी सांगेल त्या भावाने भात द्यावे लागेल.' शहरातील घरधनीण म्हणेल, 'मावळचा खरा तांदूळ कोठे मिळतो, ते कळणार नाही.' ह्या दोन अडचणी एकत्र केल्या की वाक्य तयार होते: सभासदांच्या शेतातील इंद्रायणी भात, दुसऱ्या कोणत्याही तांदळाची मिसळ न करता, शहरातील घरी पोहोचवावयाचे व त्यातून वाचणारा पैसा सभासदांस द्यावयाचा.

हे वाक्य दिसावयास साधे आहे. पण ते इतिवृत्तात लिहिले गेले, की त्याचे हात फार लांबवर पोहोचतात. मिसळ नको म्हटले की ती प्रथम शेतात टाळावी लागते. घरचेच बियाणे वर्षानुवर्षे वापरले, मळणीच्या खळ्यावर दुसरा वाण पडला, म्हणजे भेसळ तेथेच सुरू होते. म्हणून ठराविक वर्षांनी प्रमाणित बियाणे आणावे लागते, लोंब्या बाहेर पडल्या की वेगळी दिसणारी रोपे उपटावी लागतात. भात नीट वाळवून, ओलावा बारा ते चौदा टक्क्यांवर आणून मगच साठवावे लागते. गिरणीत आधीच्या वाणाचे दाणे राहिलेले नसावेत, हेही पाहावे लागते. पिशवीवर काय लिहावे हा प्रश्न ह्यानंतरचा. वाण, पिकाचे वर्ष, गाव, भरल्याची तारीख, निव्वळ वजन व अन्न परवान्याचा क्रमांक एवढे स्पष्ट लिहिले, की चित्र लहान असले तरी चालते.

खरी कसोटी वाईट वर्षी लागते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस जोराचा झाला, उभे भात लोळले, आणि कंपनीकडे सभासदांचे भात नेहमीच्या निम्मेच आले, असे धरू. शहरातील दुकानदारांच्या मागण्या मात्र आधीच घेतलेल्या आहेत. एक संचालक सुचवील, की बाजारातून तसाच दिसणारा तांदूळ आणून पोती भरावीत; यंदा कोणास कळणार नाही. त्याचे म्हणणे निव्वळ लोभाचे असते असेही नाही. गिरणीचा हप्ता, हमालांची मजुरी व हिशेबनिसाचा पगार हे खर्च पीक बुडाले म्हणून थांबत नाहीत. प्रयोजन ठरलेले नसेल, तर ह्या सूचनेवर मतदान होईल व बहुधा ती संमत होईल. ते ठरलेले असेल, तर प्रश्न मतदानास टाकण्याजोगाच राहत नाही. दुकानदारास निम्मा माल मिळेल असे पत्राने कळवावे लागते, व काही दुकाने त्या वर्षी हातची जातात. हे नुकसान खरे असते; ते नाही असे सांगून सभासदांची फसवणूक करू नये. त्याची तजवीज आधीच करावी लागते. उत्पादक कंपनीने सर्वसाधारण राखीव निधी ठेवला पाहिजे असे कायदाच सांगतो, आणि चांगल्या वर्षांत तो निधी वाढविला नाही तर वाईट वर्षी चांगले वाक्य कामास येत नाही.

दुसरी कसोटी सभासदांची असते. काढणीच्या दिवसांत व्यापारी खळ्यावर येतो, रोख पैसे देतो, आणि कंपनीपेक्षा किलोमागे रुपया-दोन रुपये अधिकही देतो. सभासद तेथेच भात देऊन मोकळा होतो. त्यास दोष देण्यापूर्वी त्याची निकड पाहावी. मुलीचे लग्न किंवा सोसायटीचे कर्ज कंपनीच्या हिशेबासाठी थांबत नाही. कायद्यात ह्यासाठी एक सोय आहे. माल देताच किमतीचा काही भाग द्यावयाचा, व राखून ठेवलेला भाग विक्री झाल्यावर संचालक मंडळ ठरवील त्याप्रमाणे चुकता करावयाचा. ही पद्धत कंपनीच्या प्रयोजनासह आरंभीच समजावून सांगितली असेल, तर व्यापाऱ्याचा रुपया व कंपनीचा उरलेला भाव ह्यांची तुलना सभासद स्वतःच करू शकतो.

नोंदणीविषयी थोडे

कंपनीच्या घटनापत्रकात उद्देशांचे कलम असते. सल्लागार ते पुढे अडचण येऊ नये म्हणून मुद्दाम व्यापक लिहितात. त्यात उत्पादनापासून निर्यातीपर्यंत सर्व काही येते. ते कलम कायद्यासाठी आवश्यक आहे, पण त्यास प्रयोजन समजू नये. प्रयोजनाचे वाक्य मराठीत, सर्वांस समजेल असे, सर्वसाधारण सभेपुढे मंजूर करून इतिवृत्तात नोंदवावे. चिन्ह व नाव ह्यांची निवड त्यानंतर करावी. व्यापारचिन्हाची नोंदणी १९९९ च्या कायद्यान्वये होते, ती दहा वर्षे टिकते व पुढे पुन्हा दहा-दहा वर्षांनी वाढविता येते. केवळ गावाचे, नदीचे किंवा वाणाचे नाव चिन्ह म्हणून नोंदविण्यास हरकत येण्याचा संभव असतो; म्हणून स्वतःचा असा वेगळा शब्द निवडणे इष्ट. तो शब्द दुसऱ्या कोणी आधीच नोंदविलेला नाही ना, हे पिशव्या छापण्यापूर्वी पाहावे. कित्येक ठिकाणी पिशव्या आधी छापल्या जातात व अर्ज मागाहून केला जातो, आणि मग हजारो पिशव्या रद्दीत घालाव्या लागतात.

वार्षिक सभेत ते वाक्य वाचून दाखवून त्याबरोबर एक लहानसा हिशेब मांडण्याची प्रथा प्रत्येक भात-कंपनीने पाडावी. शंभर क्विंटल भात भरडले असता साधारणतः साठ ते पासष्ट क्विंटल तांदूळ निघतो. सभासदांकडून आलेले भात किती, त्याचा तांदूळ किती झाला, मागील वर्षाचा शिल्लक साठा किती होता आणि कंपनीच्या छापेखाली विकला गेलेला तांदूळ किती, हे चार आकडे फळ्यावर लिहावेत. दोनशे क्विंटल भात आले, साठा काहीच नव्हता व विक्री मात्र एकशे ऐंशी क्विंटलांची झाली असेल, तर निदान पन्नास क्विंटल तांदूळ कोठून आला, हे विचारण्यास कोणत्याही सभासदास हिशेबनीस असावे लागत नाही. ही नोंदवही कार्यालयात सर्व सभासदांस पाहण्यास खुली ठेवावी, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने भेटीच्या वेळी प्रथम तीच मागून घ्यावी.